घशातला ठसका आणि आतड्यांचा दाह: ऑलिव्हच्या उपायांची पार्श्वभूमी

हिरव्या फळांचं ताजं ऑलिव्ह तेल चमचाभर नुसतं प्यायलं तर आधी कडू लागतं आणि मग घशाच्या मागच्या बाजूला ठसका लागतो. 1999 मध्ये सिसिलीतल्या एरिचे गावात गॅरी बोशांप या अमेरिकी शास्त्रज्ञाला ही झोंबणी ओळखीची वाटली. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या पातळ औषधाची चव त्याने आधी अभ्यासली होती आणि तेही घशात असंच लागायचं. 2005 मध्ये त्याच्या गटाने या ठसक्यामागचं द्रव्य जाहीर केलं: ऑलिओकॅन्थॉल. आयबुप्रोफेन शरीरात दाह वाढवणाऱ्या ज्या सायक्लोऑक्सिजनेज विकरांना (एन्झाइमना) रोखतं, त्यांनाच हेही रोखतं. मात्र 50 ग्रॅम तेलातून मिळणारा परिणाम वेदनाशामकाच्या दिवसभराच्या मात्रेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा असेल, असा त्यांचाच अंदाज होता. कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहाच्या, रुग्णांना डॉक्टर आयबुप्रोफेन सहसा टाळायला सांगतात, म्हणून या साम्यावरून तेलाला आतड्याचं औषध ठरवणं चूक आहे.

औषधासाठी कच्च्या फळांचं तेल चांगलं, हे पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसनेही लिहून ठेवलं आहे. पानांचा काढा एकोणिसाव्या शतकात युरोपात तापावर देत. आज युरोपीय औषध संस्था ऑलिव्हच्या पानांना मान्यता देते ती परंपरेच्या आधारावर, अंगात थोडं पाणी साचल्यास लघवी वाढवण्यासाठी. आतड्यांच्या दाहाचा त्यात उल्लेख नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव सॅम्युअल विल्क्समुळे 1859 मध्ये वैद्यकात आलं आणि आतड्यांच्या दाहाचाच दुसरा आजार असलेल्या क्रोन्सचं वर्णन 1932 चं. त्यामुळे जुन्या ग्रंथांतल्या ‘जुलाबावरच्या’ उपायांना या आजारांचे उपाय म्हणणं बरोबर नाही.

रुग्णांवरचा पुरावा अलीकडचा आणि तुटपुंजा आहे. इराणमधल्या चाचणीत कोलायटिसच्या 40 रुग्णांपैकी 32 जणांनी ती पूर्ण केली. रोज 50 मिली एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेलं पहिल्या प्रतीचं ऑलिव्ह तेल, 20 दिवस; आणि वेगळ्या टप्प्यात तेवढेच दिवस कॅनोला तेल. ऑलिव्ह तेलावर ईएसआर, सीआरपी हे रक्तातले दाहाचे निर्देशक उतरले, पोटफुगी आणि घाईची शौचही कमी झाली. पण 20 दिवसांत आतड्यातले व्रण भरले की नाही, हे कळत नाही. इटलीत 2017 मध्ये रुग्णांच्या आतड्याचे तुकडे ऑलिव्हच्या पानांतल्या ऑल्युरोपीन या कडू द्रव्यात ठेवल्यावर दाह कमी दिसला, पण तो प्रयोगशाळेतला तुकडा होता, चालतं-फिरतं पोट नव्हे.

बाटली निवडताना मात्र हा इतिहास उपयोगी पडतो. आपल्याकडच्या दुकानांत ‘पोमेस’ लिहिलेलं तेल स्वस्त मिळतं. ते घाण्यातून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून रिफाइन केलेलं असतं, आणि कडवट द्रव्यं त्यात जवळपास उरत नाहीत. एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या, गडद काचेतलं, काढणीची तारीख छापलेलं, आणि शेगडीपासून लांब ठेवा. सुरुवात 1 छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, शिजलेल्या भाजीवर किंवा वरणावर वरून. आठवडाभर पोट शांत राहिलं तर वाढवा. 50 मिलीतून सुमारे 400 कॅलरी जातात, म्हणून तेवढं रोजच्या तेलाच्या जागी घ्या, त्यात भर म्हणून नको. लहान आतड्याचा शेवटचा भाग कापलेला असेल तर चरबी नीट पचत नाही आणि जास्त तेलाने तेलकट जुलाब होतात. आतडं अरुंद झालेलं असेल तर अख्खी ऑलिव्ह फळं साल-गरासकट खाऊ नका. पानांच्या कॅप्सूलने रक्तदाब आणि साखर उतरू शकते, तेव्हा त्यांच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आतड्यांच्या दाहावरच्या मेसालामाइन किंवा स्टेरॉइड या औषधांच्या जागी तेल घेऊ नका. उतार पडल्यासारखं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की आजार पुन्हा उसळू शकतो.