बाळासाठी सत्त्व दळताना आणि तयार पाकीट घेताना

नाचणीचं सत्त्व दळायला येणाऱ्या आया-आज्या गिरणीवर हमखास विचारतात, घरचं चांगलं की पाकिटातलं? दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाद्याची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे या पत्रकात कुठल्याच मालाची शिफारस नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पुढचं सगळं त्यानंतरचं.

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. त्यात साखर, सुक्रोज किंवा ग्लुकोज सिरप दिसलं, तर पाकीट परत ठेवा. मध तर वर्षाच्या आत घरीही चाटवू नका, त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पाकिटाची जमेची बाजू म्हणजे वरून घातलेलं लोह. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. पण तिच्यातलं लोह फायटेटमुळे, म्हणजे धान्यातल्या लोह अडवून ठेवणाऱ्या घटकामुळे, अंगी कमी लागतं. मोड आणले की फायटेट घटतं. शिवाय मोडांमुळे खीर घट्ट होत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजतं आणि इवल्या पोटाला जास्त ताकद मिळते. म्हणूनच बाळाची नाचणी मोड न आणता आली, की आम्ही दळण्याआधी विचारतो. जोडीला डाळ, चालत असेल तर अंडं, आणि लोह अंगी लागावं म्हणून वरणात लिंबाचे दोन थेंब द्या.

आता तांदूळ. खाचरात पाणी साचलं की मातीतलं आर्सेनिक हे विषारी द्रव्य मोकळं होतं आणि भाताची मुळं ते शोषून घेतात. बाळाचं वजन कमी, त्यामुळे तेवढ्याच खाण्यातून त्याला मात्रा जास्त पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२०मध्ये बाळांच्या तांदळाच्या खाद्यात असेंद्रिय आर्सेनिक (त्याचा जास्त घातक प्रकार) किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं ठरवलं. पाकिटावर ‘सेंद्रिय’, म्हणजे सेंद्रिय शेतीतलं, असं छापलं म्हणून आर्सेनिक कमी होत नाही. तांदूळ बंद करू नका, पण बाळाला रोज नुसत्या पेजेवरही ठेवू नका. नाचणी, ज्वारी, गहू, मूग आलटूनपालटून द्या.

शेंगदाणे घालणार असाल तर निवडूनच आणा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेले दाणे किंवा नीट न वाळलेले मोड आम्ही बाळाच्या दळणात घेत नाही.