लॅपटॉप मेला, फायली जिवंत आहेत

सुरू न होणारा लॅपटॉप दुरुस्तीला नेला की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, ‘विंडोज नवीन टाकून देऊ का?’ त्याला लगेच हो म्हणू नका. नवीन विंडोज टाकताना सहसा सी ड्राइव्ह फॉरमॅट करतात, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं त्याच ड्राइव्हवर असतं. आधी फायली बाहेर काढायच्या, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा झाला की जे सहज वाचलं असतं तेही जातं.

लॅपटॉप बंद पडणं आणि डिस्क बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जर, बॅटरी, रॅम, स्क्रीन, मदरबोर्ड, विंडोज यांपैकी काहीही बिघडलं तरी लॅपटॉप उघडत नाही, पण फायली डिस्कवर जागच्या जागी असतात. म्हणून बिघाड कुठे आहे ते आधी पाहायचं. चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. बोर्डावर साठून राहिलेला विद्युतभार निघून गेल्यावर काही मशीन एवढ्यानेच उठतात. स्क्रीन काळी आहे, पण पंखा फिरतोय आणि कॅप्स लॉकचा दिवा चालू-बंद होतोय? मग आतली यंत्रणा चालू आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून पाहा.

कंपनीचं बोधचिन्ह दिसतं, पण विंडोज उघडत नाही, अशा वेळी विंडोजला बाजूला ठेवून पेनड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालवता येते. दुसऱ्या संगणकावर उबुंटूची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टिमची एकच फाइल) उतरवा आणि रुफस या मोफत प्रोग्रामने ती निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. बंद पडलेल्या लॅपटॉपला तो लावून सुरू करताना डेल किंवा लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ आणि आसुसवर एस्केप दाबत राहिलं की कशावरून सुरू करायचं ते निवडता येतं. पुढे ‘ट्राय उबुंटू’ निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका, त्यात डिस्कच पुसली जाऊ शकते. मग फाइल मॅनेजरमधून विंडोजच्या ड्राइव्हवरचं ‘यूजर्स’ फोल्डर उघडून हवं ते बाहेरच्या डिस्कवर उतरवा. ती डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. लग्नाच्या व्हिडिओपाशी येऊन कॉपी अडकते ती यामुळेच. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेली डिस्क वापरा.

ड्राइव्ह उघडताना किल्ली मागितली, तर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद आहे. रोज हे कुलूप मदरबोर्डावरची टीपीएम चिप गुपचूप उघडते, त्यामुळे ते असल्याचं कित्येकांना माहीतच नसतं. उबुंटूतून किंवा दुसऱ्या मशीनवर मात्र ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते; मोबाइलवरून लॉगिन करून पाहा. ती मिळाली नाही, तर हे कुलूप फोडणं जवळपास अशक्य आहे.

मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क बाहेर काढायची. मागचं झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची डिस्क असते, साटा नावाच्या जोडणीची; दुसऱ्या संगणकाला लावायला तिला यूएसबी-साटा केबल पुरते. नव्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांची डिस्क) असते, बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. टोकाला एक खाच असेल तर ती बहुतेक एनव्हीएमई या नव्या जोडणीची, दोन असतील तर बहुतेक साटा. तिला यूएसबीने जोडायचं बाहेरचं आवरण (केस) त्या जातीचंच हवं. जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं, तर रद्द करा. २०१८नंतरच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये हा मार्गच नाही: साठवणीच्या चिपा बोर्डाला डाखलेल्या असतात आणि एन्क्रिप्शनची (माहिती कुलूपबंद करण्याची) किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपेत असते. तिथे फायलींसाठी बोर्डच दुरुस्त करावा लागतो.

खरी काळजी फिरत्या हार्ड डिस्कची. तिचं वाचणारं डोकं चकतीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. टक-टक असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर डोक्याला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत. त्या क्षणी वीज तोडा. पुन्हा सुरू करण्याच्या प्रत्येक खटपटीत चकतीवर ओरखडे पडू शकतात, आणि ओरखडा म्हणजे तिथली माहिती कायमची गेली. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका: बाहेर काढताच आत दव धरतं. ही डिस्क क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या प्रयोगशाळेतच उघडायची.

आवाज नाही, पण कॉपी रांगत चालली आहे, मध्येच अडकते आहे? मग डिस्कचे काही सेक्टर (माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) खराब आहेत. इथे चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन चालवणं घातक, कारण दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहीत सुटतं. उबुंटूत डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन चालतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातं, नोंदवहीत त्या टिपून ठेवतं आणि शेवटी तिथे परत येतं. डिस्क मध्येच दमली तरी बहुतांश माहिती तोवर हाती आलेली असते. नक्कल मात्र तिच्याहून मोठ्या दुसऱ्या डिस्कवर फाइल म्हणून घ्या, नोंदवहीची फाइलही तिथेच ठेवा आणि पुढची सगळी शोधाशोध त्या नकलेवर करा.

फॉरमॅट होऊनच गेलं असेल, तर त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. फोटोरेक हे मोफत साधन फायलींची नावं न बघता त्यांच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. जेपीईजी फोटोची पहिली तीन बाइट ठरलेली असतात. त्यामुळे फोटो सापडतात, पण नावं आणि फोल्डरं जातात. एसएसडीवर ही आशा थोडी, कारण पुसलेल्या जागा ट्रिम आज्ञेमुळे ती स्वतःच मोकळ्या करते.

लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी कॉपी केलेल्यांतले पाच-दहा फोटो, एखादा मोठा व्हिडिओ आणि एक-दोन एक्सेल फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. फाइलचा आकार बरोबर दिसला तरी आतला मजकूर तुटका असू शकतो.