पदवी कुणाची, इमारत कुणाची: बेळगाव सीमाभागातल्या कॉमर्स आणि एमबीएची पार्श्वभूमी

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत घराघरांत एक चर्चा हमखास होते. बीबीए सरकारी विद्यापीठातून करायचं की खासगी? तीन वर्षांनी एमबीएच्या निमित्ताने तोच विषय पुन्हा निघतो. बोलणाऱ्यांच्या मनात हिशेब ठरलेला असतो: सरकारी म्हणजे स्वस्त आणि ढिलं, खासगी म्हणजे महाग आणि चकाचक. बेळगावला हा हिशेब लागू पडत नाही, कारण इथे कॉलेज खासगी आणि पदवी सरकारी अशी व्यवस्था नव्वदहून अधिक वर्षं चालत आलेली आहे. आजच्या पालकांची पिढीही तिच्यातूनच शिकून बाहेर पडली, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण 'खासगी'त शिकलो असं कधी वाटलंही नाही.

१९३३ पूर्वी बेळगावच्या मुलाला मॅट्रिकच्या पुढे जायचं तर गाव सोडावं लागे. कोल्हापूरचं राजाराम, सांगलीचं विलिंग्डन, धारवाडचं कर्नाटक कॉलेज, नाहीतर थेट पुणं. कॉमर्स शिकायचं तर मुंबईचं सिडनहॅम, जे १९१३ साली निघालं. पुण्यात बीएमसीसी, म्हणजे बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स, यायला १९४३ उजाडलं. या काळात व्यापाऱ्याच्या मुलाने कॉमर्सची पदवी घ्यावी असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. खडेबाजारात किंवा रविवार पेठेत गादीवर बसलं की चार वर्षांत खतावणी येते, त्याला मुंबईचं बोर्डिंग कशाला, हा सरळ विचार होता. त्यात चूक काही नव्हती.

बेळगावात कॉलेजं आणली ती संस्थांनी, सरकारने नव्हे. १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आजची केएलई, काढली आणि १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज सुरू केलं. कर्नाटक लॉ सोसायटीचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं. मराठी घरांना जवळचं वाटणारं राणी पार्वती देवी कॉलेज, सगळ्यांच्या तोंडी आरपीडी, साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीने १९४५ मध्ये उभं केलं. पुढे मराठा मंडळ आणि भरतेशसारख्या संस्था वाढल्या. शिरसंगीचे देसाई, वंटमुरीचे राजे, उद्योगपती रावसाहेब गोगटे अशांच्या देणग्यांतून इमारती उभ्या राहिल्या, म्हणून गावातल्या निम्म्या कॉलेजांच्या दारावर कुणा ना कुणा दात्याचं नाव दिसतं. पदवीवर मात्र विद्यापीठाचा शिक्का. सुरुवातीला तो मुंबई विद्यापीठाचा होता.

तो शिक्का कधी बदलला, ही गोष्ट सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्यांच्याही सहसा लक्षात नसते. आपण सगळे १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख धरून बसतो. त्या दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागे राहिला. पण कॉलेजांची वाट त्याच्या आधीच वळली होती. मुंबई सरकारने १९४९ मध्ये प्रांतातल्या कन्नड जिल्ह्यांसाठी कर्नाटक विद्यापीठ स्थापन केलं आणि १९५० मध्ये ते धारवाडला आलं. त्या जिल्ह्यांत बेळगाव धरलेलं होतं. राज्य बदलायच्या सहा-सात वर्षं आधी बेळगावचा विद्यार्थी शिक्षणापुरता धारवाडचा झाला होता, तोही मुंबई सरकारच्याच कायद्याने. पुण्याला १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये. तोवर हा भाग धारवाडच्या वेळापत्रकात रुळून गेला होता.

निपाणीला यातून सुटायची एक वाट सापडली. गावालगतचं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतं. तिथलं देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीतच केएलईचं जी. आय. बागेवाडी कॉलेज आहे, ते आधी धारवाडच्या विद्यापीठाला जोडलेलं होतं, आता बेळगावच्या. एकाच गल्लीतले दोन मित्र रोज सकाळी घराबाहेर पडतात, एक हद्द ओलांडून कोल्हापूरचं बी.कॉम. करतो, दुसरा गावातच राहून कर्नाटकचं. फी, परीक्षेच्या तारखा, दिवाळीची सुट्टी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं वेगळं. सरकारी-खासगी हा भेद त्यांच्या लेखी दुय्यम. दोन्ही कॉलेजं संस्थांचीच, दोन्ही पदव्या सरकारी विद्यापीठांच्या.

संस्थांच्या कॉलेजात फी परवडायची याचं कारण अनुदान. प्राध्यापकांचा पगार सरकार देई, त्यामुळे बी.ए., बी.कॉम.ची फी नाममात्र राही. बीबीए आलं तेव्हा हे गणित फिरलं. बहुतेक कॉलेजांनी ते विनाअनुदानित तुकडी म्हणून सुरू केलं. इमारत तीच, ग्रंथालय तेच, पदवीवर शिक्का त्याच सरकारी विद्यापीठाचा, फी मात्र बी.कॉम.च्या कितीतरी पट. शिकवणाऱ्यांतले बरेचजण वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. सरकारी पदवी घेतोय म्हणून स्वस्तात पडेल असं समजून आलेल्या पालकांना इथे पहिला धक्का बसतो. जुन्या अनुदानित तुकडीत बी.कॉम. आणि सोबत सीएची तयारी, हा टिळकवाडीतला जुना रस्ता माझ्या मते अजूनही पैशाच्या मानाने सर्वांत चोख आहे, पण त्याला आता ग्लॅमर नाही.

एमबीएची गोष्ट उशिरा सुरू झाली. देशात अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम १९६१ च्या, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज १९६५ ची. आपल्या टापूत कोल्हापूरला १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे यांनी 'सायबर' हे व्यवस्थापनाचं कॉलेज काढलं आणि नोकरी सांभाळून व्यवस्थापन शिकणाऱ्या कितीतरी जणांची सोय झाली. धारवाडला विद्यापीठाची कौसाळी ही व्यवस्थापनाची इन्स्टिट्यूट होती. बेळगावात कर्नाटक लॉ सोसायटीने १९९१ मध्ये आयएमईआर ही एमबीएची संस्था सुरू केली. उदारीकरणाचं तेच वर्ष, आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांच्या मुलांना 'फॅक्टरी सांभाळायला एमबीए' ही कल्पना पटायला लागली ती त्यानंतरच.

मग बेळगावला स्वतःची विद्यापीठं मिळाली, आणि तीही दोन. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं (व्हीटीयू) मुख्यालय मच्छेजवळ आलं आणि राज्यभरची इंजिनिअरिंग कॉलेजं, त्यांच्या एमबीए विभागांसह, त्याला जोडली गेली. धारवाडचं पदव्युत्तर केंद्र बेळगावात आधीपासून होतं, पुढे ते हायवेवर भुतरामनहट्टीला गेलं. त्याचंच २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि बेळगाव, विजापूर, बागलकोट जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याकडे आली. दोन्ही विद्यापीठं सरकारीच. यातून एक गंमत तयार झाली. कर्नाटक लॉ सोसायटीच्या आयएमईआरचं एमबीए राणी चन्नम्मा विद्यापीठाचं आणि त्याच सोसायटीच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं व्हीटीयूचं. संस्था एक, गाव एक, एमबीए दोन विद्यापीठांची. कुठलं 'सरकारी' म्हणून विचारलं तर दोन्ही, कुठलं 'खासगी' म्हणून विचारलं तरी दोन्ही.

स्वतःची पदवी देणारं खरं खासगी विद्यापीठ आपल्याकडे अलीकडचं. आधी आली अभिमत विद्यापीठं, म्हणजे १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली केंद्राने मान्यता दिलेली. मणिपालला तो दर्जा १९९३ मध्ये मिळाला, पुण्याच्या भारती विद्यापीठाला १९९६ मध्ये, सिंबायोसिसला २००२ मध्ये. बेळगावात केएलईचं अभिमत विद्यापीठ २००६ चं, पण त्याचा भर आरोग्यविज्ञानावर.

राज्याने स्वतंत्र कायदा करून द्यायचं खासगी विद्यापीठ हा दुसरा मार्ग, आणि त्याची सुरुवात फजितीने झाली. छत्तीसगढने २००२ मध्ये एक कायदा केला आणि बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली, काहींचा पत्ता म्हणजे एखादी खोली. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये त्या कायद्यातल्या तरतुदी रद्द झाल्या. एका राज्याने जन्माला घातलेल्या विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात केंद्रं थाटता येणार नाहीत, हे तिथे पक्कं झालं. बेळगावसारख्या हद्दीवरच्या गावाला हा नियम फार जवळून लागतो. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठानेही राज्याबाहेर केंद्रं चालवल्याबद्दल यूजीसीची मान्यता गमावली होती, ती २०१८ मध्ये परत मिळाली. सरकारी विद्यापीठ असूनही मधल्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे हाल झालेच.

कर्नाटकात स्वतंत्र कायद्याची खासगी विद्यापीठं २०१० पासून आली, बंगळूरची अलायन्स आणि अझीम प्रेमजी ही सुरुवातीची. महाराष्ट्रात ती थोडी मागून. आपल्या बाजूला कोल्हापूरजवळ अतिग्रेचं संजय घोडावत विद्यापीठ २०१७ चं. हुबळीचं जुनं बीव्हीबी कॉलेज केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झालं आणि अलीकडे केएलईचं बेळगावातलं डॉ. एम. एस. शेषगिरी इंजिनिअरिंग कॉलेजही तिचा कॅम्पस बनलं. उद्यमबागेतलं तेच आवार, शिक्षकही बरेचसे तेच. आदल्या तुकड्यांच्या पदवीवर व्हीटीयू, पुढच्या तुकड्यांच्या पदवीवर खासगी विद्यापीठ. खासगी कॉलेज आणि सरकारी पदवी ही नव्वद वर्षांची जोडी इथे खऱ्या अर्थाने सुटली.

सुटली म्हणजे काय झालं? संलग्न कॉलेजाला अभ्यासक्रमात हात घालता येत नाही. विद्यापीठाने मंडळ नेमून ठरवलेलं शिकवायचं, पेपर विद्यापीठाचा, निकालही विद्यापीठ लावेल तेव्हा. एमबीएच्या पोराला कंपनीने जुलैत रुजू व्हायला सांगितलंय आणि शेवटच्या सेमिस्टरचं मार्क्स कार्ड अजून आलेलं नाही, ही रड सरकारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना नवी नाही. खासगी विद्यापीठ स्वतःच पेपर काढतं, स्वतःच निकाल लावतं, अभ्यासक्रमात डेटा अॅनालिटिक्स घालायचं ठरवलं तर पुढच्या वर्षी घालतं. पण शिकवणारा, तपासणारा आणि फी घेणारा एकच झाला की गुण सढळ हाताने पडतात, हेही उघड आहे. नोकरी देणाऱ्यालाही ते कळतं. म्हणून खासगी विद्यापीठाची किंमत विद्यापीठागणिक इतकी वेगळी. सरकारी पदवी मध्यम, पण तिचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फीच्या भांडणातही कर्नाटकच पुढे होतं. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा राज्याने १९८४ मध्ये केला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात वैद्यकीय कॉलेजांचे दर समोर आले: सरकारी जागेला वर्षाला २,०००, राज्यातल्या विद्यार्थ्याला २५,००० आणि राज्याबाहेरच्याला ६०,००० रुपये. पुढच्या वर्षी उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी आणली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडली आणि संस्थांना फी ठरवायला मोकळीक दिली, फक्त नफेखोरी नको या अटीवर. आजचा मॅनेजमेंट कोटा याच निकालांच्या मालिकेतून आला आहे. त्या तीन दरांतला 'राज्याबाहेरचा' हा शब्द कागल आणि निपाणीच्या मध्ये राहणाऱ्याने वाचला की हसावं की रडावं कळत नाही.

अर्थात दोन्ही राज्यांनी आपापल्या माणसांसाठी दारं ठेवली आहेत. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या नियमांत 'ई' प्रकारचा उमेदवार म्हणजे वादग्रस्त सीमाभागातला, मातृभाषा मराठी असलेला. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं यात येतात. भाषेचा आणि रहिवासाचा दाखला जोडला की बेळगावचा मुलगा कोल्हापूर-पुण्याच्या एमबीएसाठी महाराष्ट्राचा उमेदवार ठरतो. हे दाखले वेळेत गोळा केले नाहीत तर तोच मुलगा परराज्यातला. कर्नाटकाकडे याचं प्रतिबिंब आहे: जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड भाषकांना 'गडिनाडू कन्नडिग' म्हणून बंगळूरच्या केईएमार्फत, म्हणजे कर्नाटकाच्या परीक्षा प्राधिकरणामार्फत, प्रवेशाची सवलत. सीमेवर दोन्ही सरकारं एकाच पद्धतीने विचार करतात, हे दोघांनाही आवडणार नाही.

अलीकडचा फरक पदवीच्या वर्षांचा. नवीन शैक्षणिक धोरण राबवणारं पहिलं राज्य कर्नाटक, २०२१ मध्ये. सरकार बदलल्यावर २०२४-२५ पासून राज्याने चार वर्षांची रचना सोडली आणि तीन वर्षांच्या पदवीवर परत आलं. महाराष्ट्राने त्याच सुमारास चार वर्षांचीच रचना लागू केली. एकाच घरातल्या भावंडांची मार्क्स कार्डं आता दोन वेगवेगळ्या रचनांची आहेत, आणि मावसभाऊ गडहिंग्लजला शिकत असेल तर त्याची वाट तिसरीच. शिवाय २०२४-२५ पासून बीबीए, बीसीएही एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, कक्षेत आल्याने कॉलेजाकडे ती मान्यता आहे का, हे पाहणं आलं. एमबीएच्या प्रवेशाला अजूनही किमान तीन वर्षांची कुठलीही मान्य पदवी चालते, दोन्ही राज्यांत.