कात अडकणे (पाळीव साप)

सापाची जुनी कात एकसंध न उतरता तुकड्यातुकड्यांनी निघाली किंवा अंगाच्या काही भागावर चिकटून राहिली, तर त्याला कात अडकणे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. साप ठेवलेल्या पेटीतली हवा, पाणी, ऊब किंवा सापाची तब्येत यांपैकी काहीतरी बिघडल्याची ती खूण असते. म्हणूनच नुसती कात सोलून काढली आणि पेटी तशीच ठेवली, तर पुढच्या खेपेला ती पुन्हा अडकते.

सातारा-सांगली भागात ‘पाळीव साप’ म्हटले की कायद्याची गोष्ट आधी सांगावी लागते. नाग, धामण, तस्कर, मांडूळ, अजगर असे कोणतेही देशी साप घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांसाठी देशभर ओळखली गेली, पण नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्याच्या प्रथेवरही मुंबई उच्च न्यायालयाने निर्बंध घातले. घरांत दिसतात ते परदेशी जातींचे साप, मुख्यतः पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक. बॉल पायथन संकटग्रस्त वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या (साइट्स) यादीत असल्याने २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. पुढचे सगळे विवेचन अशा सापांबद्दल आहे.

साप आयुष्यभर वाढतो आणि बाहेरचा कडक थर ठरावीक काळाने बदलतो. पिल्ले साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतात, मोठे साप वर्षातून मोजक्या वेळा. आधी खाली नवा थर तयार होतो आणि जुन्या-नव्या थरांच्या मध्ये पातळ द्रव साचतो. त्यामुळे रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसते आणि डोळे दुधाळ निळे होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याची टोपी असते आणि तीही कातेबरोबर बदलते, म्हणून या दिवसांत त्याला धूसर दिसते. तो बिचकतो, फुत्कारतो, खाणे नाकारतो. या काळात त्याला हाताळू नये, भक्ष्यही देऊ नये. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. अनेकांना वाटते की कात टाकायचे राहूनच गेले, पण खरी कात यानंतर दोन-चार दिवसांनी पडते. साप ओठांची कड दगडावर किंवा लाकडावर घासतो, तिथे कात सुटते आणि पायमोजा उलटा काढावा तशी आतली बाजू बाहेर होत शेपटीपर्यंत उतरते.

पडलेली कात लगेच फेकू नये. ओलसर असतानाच हलक्या हाताने उलगडून खिडकीच्या उजेडासमोर धरावी. डोक्याच्या भागात दोन गोल, काचेसारख्या टोप्या दिसल्या पाहिजेत. डोळ्यांच्या जागी नुसती भोके असतील तर टोप्या सापाच्या डोळ्यांवरच राहिल्या आहेत. दुसरे टोक तितकेच महत्त्वाचे: शेपटीचे टोक निमुळते होऊन पूर्ण मिटलेले हवे. कात सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधली घडीची कातडी ताणली जाते. तेवढ्यावरून साप वाढला असे समजू नये.

कात अडकण्याचे सर्वांत मोठे कारण कोरडी हवा. बॉल पायथनला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते आणि कात टाकताना त्याहून थोडी जास्त. कॉर्न स्नेकचे ४० ते ५० टक्क्यांत भागते. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यातल्या दुपारी हवेत याच्या निम्मीही आर्द्रता उरत नाही. त्यात पेटीवर जाळीचे झाकण आणि वर ऊब देणारा दिवा असला की उरलेला ओलावाही उडून जातो. महाबळेश्वर, पाटण, कोयना खोऱ्यात पावसाळ्यात नेमके उलटे घडते. पेटी सतत ओलीचिंब राहते, पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि खवले कुजतात. त्यामुळे कुठल्या तरी व्हिडिओत सांगितले म्हणून रोज पाणी फवारणे योग्य नाही. पेटीत आर्द्रतामापक बसवावा आणि त्याचा आकडा पाहून ठरवावे. इतर कारणांत कमी पाणी पिणे, अपुरी ऊब, कुपोषण, जुन्या जखमा व भाजल्याचे व्रण, घासायला खरबरीत वस्तूच नसणे आणि गोचिडांसारखे बारीक काळे परजीवी ही येतात. हनुवटीखाली वा डोळ्यांच्या कडेला हलणारे काळे ठिपके दिसले किंवा साप दिवसेंदिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहिला, तर आधी परजीवींचा संशय घ्यावा.

उपाय साधा आहे, पण घाई चालत नाही. झाकणाला हवेची भोके असलेल्या डब्यात कोमट पाणी घ्यावे, सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस, हाताला गरम न लागणारे. खोली एवढीच की सापाचे डोके सहज वर राहील. अर्धा तास पुरे, आणि तेवढा वेळ तिथून हलू नये. मग ओला, खरबरीत टॉवेल सैल धरून त्यातून सापाला स्वतःच्या वेगाने सरकू द्यावे. सुटण्याजोगी कात कापडाला लागून निघते. जी निघत नाही ती दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावी. कोरडी कात ओढली तर तिच्याखालचा कोवळा थर फाटतो आणि जंतुसंसर्ग होतो. खोबरेल तेल, हळद, व्हॅसलीन यांतले काहीही लावू नये.

पुढच्या वेळेसाठी पेटीत ओला आडोसा ठेवणे सर्वांत उपयोगी. प्लॅस्टिकच्या डब्याला साप जाईल एवढे भोक पाडून आत ओलसर मॉस किंवा नर्सरीत मिळणारे कोकोपीट भरावे. पिळल्यावर पाणी गळणार नाही इतकाच ओलावा हवा. उरलेली पेटी कोरडी राहिली तरी चालते, साप गरजेप्रमाणे आत-बाहेर करतो.

दोन जागांकडे दुर्लक्ष महागात पडते. शेपटीच्या टोकाला कातेची वळी एकावर एक साचली की ती आवळत जातात, रक्तपुरवठा थांबतो आणि टोक काळे पडून झडते. दुसरी जागा डोळ्याची. अडकलेली टोपी नखाने, चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. खालची नवी टोपीही तिच्याबरोबर निघाली तर डोळा उघडा पडून कायमचा जातो. आर्द्रता वाढवून पुढच्या कातेपर्यंत थांबावे, बहुतेक वेळा जुनी आणि नवी अशा दोन्ही टोप्या एकदम निघतात. तेव्हाही न निघाल्यास, डोळा सुजल्यास किंवा शेपटीचा रंग बदलल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. गावोगावचे दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असल्याने सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव आहे का, हे फोनवर आधीच विचारावे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

घराच्या आवारात दुधाळ डोळ्यांचा जंगली साप दिसला तर तो आंधळा किंवा आजारी समजून पकडू नये, भिजवूही नये. त्याला नीट दिसत नसल्याने तो लवकर चावतो. अंतर राखून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर किंवा परिसरातल्या सर्पमित्राला कळवावे.