ब्रीडर म्हणतो, ‘तुमचा कुत्रा शोला घालूया की!’

आमच्याकडे ग्रूमिंग आणि बोर्डिंगला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की डॉग शोचे दिवस येतात आणि आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. “ज्यांच्याकडनं पिल्लू घेतलं ते म्हणतात, लॅब (लॅब्रॅडॉर) फार छान भरलाय, शोला घालूया. देऊ काय?” टिळकवाडी असो, खानापूर असो की निपाणी, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धा आनंद आणि अर्धी धास्ती असते. दोन्ही रास्त आहेत.

आम्ही पिल्लं विकत नाही, क्रॉसिंगही (पिल्लांसाठी नर-मादी जुळवणं) करून देत नाही. शोच्या आधीच्या आंघोळीचे पैसे तेवढे आम्हाला मिळतात, एवढा आमचा स्वार्थ धरून पुढचं वाचा. आमचं मत असं: शोला खुशाल घाला, पण कुत्रा ताब्यात देऊ नका. रिंगमध्ये ब्रीडरने किंवा त्याच्या हँडलरने (परीक्षकासमोर कुत्रा चालवून दाखवणाऱ्याने) न्यावा, गाडीत तुम्ही असावं आणि निदान पहिल्या खेपेला तरी त्याचा रात्रीचा मुक्काम तुमच्याजवळच असावा. “आठ दिवस आधी आमच्याकडे सोडा, तयार करतो” असं कुणी म्हणालं तर तयारी तुमच्या अंगणात करायला बोलवा. चांगला ब्रीडर येतो.

त्यांना तुमचाच कुत्रा का हवा?

शोमध्ये मिळतो कप आणि रिबिनीचं फूल. त्यातून पेट्रोलचा खर्चही निघत नाही. मग ब्रीडरला यात काय मिळतं? आठ आठवड्यांच्या पिल्लात पुढचा चॅम्पियन ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. तो एक-दोन पिल्लं स्वतःकडे ठेवतो, बाकीची घरोघरी जातात आणि वर्षाने दिसतं की सगळ्यात देखणा निघालेला तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर पसरलाय. त्याला चॅम्पियन पद मिळालं तर त्या घराण्याच्या पुढच्या पिल्लांना भाव येतो आणि ब्रीडरचं नाव होतं. यात लबाडी काही नाही. फक्त शोच्या मागोमाग क्रॉसिंगचा प्रश्न येणार हे धरून चाला आणि तो त्याच दिवशी बोलून घ्या. आमच्या पाहण्यातली भांडणं बहुतेक कपावरून झालेली नाहीत. ती झाली आहेत पिल्लांवरून.

आधी कागद काढा

चॅम्पियनशिप शोला केनेल क्लब ऑफ इंडियाची, म्हणजे आपण ज्याला केसीआय म्हणतो त्याची, नोंदणी आणि मायक्रोचिप लागते. या क्लबचं कार्यालय चेन्नईला आहे. नोंदणीच्या कागदावर कुत्र्याच्या आईबापापासून मागच्या पिढ्या असतात आणि मालकाचं नाव असतं. ते नाव कुणाचं आहे ते आज रात्रीच बघा. आपल्या भागात पिल्लू घरी येतं, पैसे चुकते होतात, पण कागद “नंतर करून देतो” म्हणून ब्रीडरच्याच नावावर राहतो. पाच वर्षं तुम्ही सांभाळलेला कुत्रा शोच्या पुस्तिकेत दुसऱ्याच्या नावाने छापून येतो तो यामुळेच. तेव्हा शोच्या बोलण्याआधी कागद नावावर करून घ्या. एरवी टाळाटाळ करणारे ब्रीडर अशा वेळी हे काम चटकन करतात, हेही आम्ही पाहिलंय.

कागदच नसेल तर चॅम्पियनशिप शोचा विषय मिटला. गावोगावच्या मेळाव्यांत जे डॉग शो भरतात तिथे बहुधा कागद विचारत नाहीत. पोरांना घेऊन जरूर जा, मजा येते. मात्र तिथला कप चॅम्पियन पदाच्या हिशेबात धरत नाहीत. ते पद वेगवेगळ्या परीक्षकांनी दिलेल्या चॅलेंज सर्टिफिकेटांवर, म्हणजे जातीतल्या सर्वोत्तम नराला आणि मादीला मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर, ठरतं.

रिंगमध्ये काय होतं

परीक्षक तुमच्या कुत्र्याची तुलना त्या जातीच्या ठरलेल्या वर्णनाशी करतो. लॅब्रॅडॉर नराची खांद्याशी उंची 56 ते 57 सेंटिमीटर, जर्मन शेफर्ड नराची 60 ते 65, असं ते वर्णन असतं. ओठ उचलून दात बघतात, पाठीवरून आणि मांड्यांवरून हात फिरवतात, नराची दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत का ते चाचपतात, मग पळवून चाल बघतात. या सगळ्यात कुत्र्याने परक्या माणसाचा हात सहन करायचा असतो. तुमचा कुत्रा आमच्या टेबलावर नखं कापताना कसा वागतो ते आम्हाला विचारा. निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

बेळगावातल्या लॅबांचं दुखणं वेगळंच. ते अंगाने सुटलेले असतात. दूध-चपाती, वर पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्यातला घास. बरगड्या हाताला लागत नसतील तर शोचं राहू द्या, आधी वजन उतरवा. शिह त्झूवाल्यांनी लक्षात ठेवावं की शोसाठी केस जमिनीपर्यंत वाढवावे लागतात, रोज विंचरावे लागतात, आणि उन्हाळ्यात आम्ही जो बारीक कट मारून देतो तो बंद होतो. केस पुन्हा तेवढे यायला कित्येक महिने जातात.

मुधोळवाल्यांशी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हा आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला कुत्रा. मुधोळच्या घोरपडे राजांनी जपलेला, 2005 साली टपाल तिकिटावर आलेला. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे. आपले लोक त्याला करवानी म्हणतात आणि केसीआयच्या यादीत तो कॅरवान हाउंड म्हणून असतो, तेव्हा फॉर्म भरताना गोंधळू नका. हा कुत्रा सडसडीतच हवा. शेजारी “उपाशी ठेवलाय काय?” म्हणाले तरी खाऊ घालून गुबगुबीत करू नका. त्याची खरी अडचण म्हणजे परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. घरात लोण्यासारखा असणारा मुधोळ रिंगमध्ये परीक्षकाचा हात पुढे येताच अंग चोरतो, मागे सरतो, क्वचित दातही दाखवतो. त्याला चार-पाच महिन्यांचा असल्यापासून ओळखीपाळखीच्या वेगवेगळ्या माणसांकडून रोज मिनिटभर हात लावून घ्यायची सवय लावली तर जमतं. तीन वर्षांचा झाल्यावर एकदम शोला उभा केला तर त्यालाच त्रास होतो. अशा कुत्र्याला आम्ही तरी नको म्हणू.

ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

नसबंदी झालेला नर या शोमध्ये चालत नाही, त्यामुळे ब्रीडर “थांबा” म्हणणार. मोठ्या जातीच्या नराचं हाडपेर पूर्ण भरेपर्यंत थांबायला पुष्कळ डॉक्टर स्वतःच सांगतात, तेव्हा तिथे फारसं बिघडत नाही. मादीचं गणित निराळं आहे. ऑपरेशन जितकं लांबेल तितका पुढे स्तनाच्या गाठींचा धोका वाढतो. शिवाय न केलेल्या मादीला हीटनंतर (माजावर येऊन गेल्यावर) काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याची भीती असते, आणि त्यात जीवही जातो. एका कपासाठी हे किती वर्षं लांबवायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. ब्रीडरच्या तारखेवर जाऊ नका.

लिहून घ्या

ओळखीतलं आहे, घरातलंच आहे म्हणून तोंडी ठरवू नका. एक पान पुरे. प्रवेश फी, हँडलर आणि प्रवास यांचा खर्च कोणाचा, किती शो आणि कुठवर, कुत्रा आजारी पडला तर डॉक्टरचे पैसे कोण देणार, ‘आता बास’ म्हणायचा हक्क तुमचा. आणि ठळक अक्षरात: लेखी परवानगीशिवाय क्रॉसिंग होणार नाही. परवानगी दिलीच तर पिल्लं किंवा पैसे कसे वाटायचे तेही तिथेच लिहा. आधी नर-मादी दोघांचीही ब्रुसेला तपासणी करून घ्या. हा रोग क्रॉसिंगमधून पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे का ते विचारायला लाजू नका. 2017 च्या केंद्राच्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे. त्याच नियमांत मादी निदान 18 महिन्यांची असावी, वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घेऊ नये, असंही आहे. कागद कानडीत किंवा इंग्रजीत आला आणि नीट कळला नाही, तर कळणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

प्रवास आणि आजार

शेकडो कुत्री एकत्र येतात, म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) हे आजारही येतात. लसीचा डोस शोच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, निदान दोन आठवडे आधी हवा. परतल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. जेवण सोडलं आणि ताप आला तर टिक फीवरची रक्ततपासणी लगेच करा. पग आणि बुलडॉग यांना एप्रिल-मेमध्ये दुपारच्या प्रवासाला नेऊच नका. चपट्या नाकामुळे त्यांना ऊन लवकर बाधतं.

शोच्या आंघोळीसाठी आदल्या दिवशीची वेळ फोन करून ठरवा. लॅब आणि जर्मन शेफर्डला दोन दिवस आधी आणलं तरी चालतं, नैसर्गिक तेल परत येऊन केस नीट बसतात. नखं मात्र आठवडाभर आधी कापून घ्या. एखादं खोल कापलं जाऊन रक्त आलं तर रिंगमध्ये लंगडणार नाही.