प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी: पात्रता, कागदपत्रे आणि सुनावणी

आपल्या गल्लीतला रस्ता किती रुंद होणार, शेजारचा मोकळा भूखंड बाग म्हणून राहणार की त्यावर इमारत उभी राहणार, हे बहुतेक वेळा बांधकाम परवानगीच्या अर्जाच्या कितीतरी वर्षे आधी, शहराच्या विकास आराखड्यात ठरलेले असते. रहिवाशाला कायद्याने म्हणणे मांडण्याची खरी जागाही तिथेच आहे. मात्र ती काही आठवड्यांपुरतीच खुली असते, आणि अनेकांना तिचा पत्ता मुदत सरल्यावर लागतो.

महाराष्ट्रात ही प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्यानुसार चालते. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा शासनाने नेमलेले विकास प्राधिकरण हे त्या-त्या क्षेत्राचे नियोजन प्राधिकरण असते आणि किमान दर वीस वर्षांनी आराखड्याची सुधारणा करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आधी कलम 23 नुसार आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग कलम 25 नुसार विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो आणि त्यानंतर कलम 26 नुसार प्रारूप आराखडा, म्हणजे अंतिम होण्याआधीचा मसुदा, राजपत्रात व वृत्तपत्रांत सूचना देऊन प्रसिद्ध केला जातो. हरकती आणि सूचना कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारल्या जातील, नकाशे कोणत्या कार्यालयात पाहायला मिळतील आणि त्यांच्या प्रती विकत कुठे मिळतील, हे त्या सूचनेतच छापलेले असते. मुदत साधारणपणे राजपत्रातील प्रसिद्धीपासून मोजली जाते. वर्तमानपत्रातली बातमी आपण कधी वाचली, याला त्यात काही महत्त्व नाही.

हरकत कोण घेऊ शकतो, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे तोच बोलू शकतो, असे अनेकांना वाटते. कायद्यात मात्र "कोणतीही व्यक्ती" असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे भाडेकरू, गृहनिर्माण संस्था, बाजारातले फेरीवाले, शाळेत मुले पाठवणारे पालक, मैदानावर खेळणारी मंडळी, यांपैकी कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते. हरकतीचा सूर विरोधाचाच असला पाहिजे, असेही नाही. एखादे आरक्षण, म्हणजे बाग, शाळा, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा, चांगले असेल, तर ते कायम ठेवावे अशी सूचना जरूर द्यावी. मैदाने आणि बागा यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आरक्षण वगळावे असे सांगणारे जमीनमालक सुनावणीला हमखास येतात, पण ते राहावे असे सांगायला सहसा कोणी येत नाही.

पहिले काम नकाशा वाचण्याचे. त्यासाठी आपल्या जागेचा सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक हाताशी हवा. तो सातबारा उताऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर सापडतो. आराखडा अनेक शीटमध्ये विभागलेला असतो, तेव्हा आपली शीट शोधून त्यावर आपला भूखंड, त्यावरचा विभाग म्हणजे रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित की शेती, आरक्षणाचा क्रमांक आणि प्रस्तावित रस्त्याची रुंदी या गोष्टी नोंदवून घ्याव्यात. नकाशासोबतचा अहवाल आणि आरक्षणांची यादीही पाहावी, कारण नकाशावर नुसता क्रमांक असतो आणि ते आरक्षण शाळेचे, दवाखान्याचे की वाहनतळाचे, हे यादीत कळते. त्याच बैठकीत विद्यमान जमीन वापराचा नकाशाही मागावा. प्रारूपातल्या कितीतरी चुकांचे मूळ तिथे असते: उभे घर मोकळी जागा म्हणून दाखवले जाते, वापरातली पायवाट किंवा ओढा नकाशातून गायब होतो आणि मग त्यावर प्रस्ताव आखला जातो. मुंबईचा 2015 सालचा प्रारूप आराखडा अशा चुकांवरून उठलेल्या टीकेनंतर शासनाच्या आदेशाने नव्याने करावा लागला आणि सुधारित प्रारूप 2016 मध्ये पुन्हा हरकतींसाठी आले.

हरकतीचा अर्ज साध्या कागदावर, नियोजन प्राधिकरणाला उद्देशून लिहिता येतो. त्यात नाव, पत्ता, शीट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, आरक्षण किंवा रस्त्याचा क्रमांक आणि आपली नेमकी मागणी असावी. "आराखडा अन्यायकारक आहे, रद्द करावा" अशा अर्जावर सुनावणी घेणाऱ्या समितीला काही करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "अमुक शीटवरील प्रस्तावित 12 मीटर रस्ता आमच्या सर्व्हे क्रमांकातून जातो, या जागी मंजूर बांधकाम परवानगीची इमारत उभी आहे, रस्त्याची आखणी शेजारच्या अस्तित्वातील रस्त्यावरून करावी." काय चुकले, त्याचा पुरावा काय आणि त्याऐवजी काय करावे, या तीन गोष्टी अर्जात आल्या की अर्ज सुनावणीत टिकतो. एकाच छापील मजकुरावर शेकडो सह्या घेण्यापेक्षा वेगवेगळ्या रहिवाशांनी आपापल्या अनुभवातून लिहिलेले अर्ज अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे, कारण समितीसमोर तथ्ये वाढतात.

जमीनमालकाने अर्जासोबत अलीकडचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, पूर्वी मिळालेली बांधकाम परवानगी, मंजूर रेखांकन किंवा अकृषिक आदेश असल्यास त्याची प्रत आणि जागेची छायाचित्रे जोडावीत. गृहनिर्माण संस्थेने व्यवस्थापक समितीचा ठराव आणि अर्जावर सही करणाऱ्याला दिलेले अधिकारपत्र जोडावे. मालकी नसलेल्या रहिवाशाकडे मालकीचा कागद मागण्याचे कारणच नाही, मात्र आराखड्याच्या संबंधित भागाची प्रत आणि त्यावर लाल शाईने दाखवलेली जागा जोडली, तर समितीला विषय पटकन कळतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ऑनलाइन अर्ज केल्यास पोचपावती छापून ठेवावी. माहितीचा अधिकार वापरून दहा रुपयांच्या शुल्कात कागद मागता येतात, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात हरकतींची मुदत निघून जाऊ शकते. म्हणून प्रत मिळण्याची वाट न पाहता कार्यालयात जाऊन नकाशे पाहावेत आणि हरकत वेळेत नोंदवावी.

यानंतर कलम 28 नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, नगररचना किंवा पर्यावरण यांचे जाणकार असे जास्तीत जास्त चार सदस्य असतात. हरकतदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे. सुनावणीला प्रत्यक्ष जावे. तिथे मिळणारी मिनिटे थोडी असतात, म्हणून अर्जातली मागणी दोन वाक्यांत सांगून नकाशावर बोट ठेवून जागा दाखवावी आणि लेखी टिपण समितीकडे द्यावे. स्वतः जाणे शक्य नसल्यास अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवावे. समितीच्या अहवालावर प्राधिकरण निर्णय घेते, बदलांसह आराखडा प्रसिद्ध होतो आणि कलम 30 नुसार शासनाकडे मंजुरीसाठी जातो. शासनाला त्यात मोठ्या स्वरूपाचे फेरबदल करायचे असतील, तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. तेव्हा आराखडा शासनाकडे गेला म्हणून राजपत्राकडे दुर्लक्ष करू नये.

मंजुरीनंतरही कलम 37 नुसार आराखड्यात फेरबदल होतात. एखाद्या भूखंडावरचे खेळाच्या मैदानाचे आरक्षण बदलण्याची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लहान अक्षरांत येते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. अशा जाहीर सूचना पाहण्याचे काम प्रभागातल्या एकाने तरी अंगावर घ्यावे. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण आहे, त्यांच्यासाठी कलम 127 आहे: अंतिम आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीन खरेदी करावी अशी नोटीस प्राधिकरणाला देता येते आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत आवश्यक पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.

एकेका इमारतीच्या बांधकाम परवानगीबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवे: कलम 44 व 45 नुसार होणाऱ्या अर्जावर शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याचा टप्पा कायद्यात नाही, आणि परवानगी नाकारल्यास अपील करण्याचा हक्क अर्जदाराचा असतो. शेजाऱ्याच्या हाती उरते ते तपासणीचे काम. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र माहितीच्या अधिकारात मागता येते, आणि प्रकल्प महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेला असेल, तर हीच कागदपत्रे त्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. जागेवरचे काम मंजूर नकाशापेक्षा वेगळे दिसले, तर मजले, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि छायाचित्रे यांची नोंद करून प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी व कलम 53 खालील कारवाईची मागणी करावी. त्या तक्रारीच्या प्रतीवरही आवक क्रमांक घ्यावा.