खर्रर्र नेमकं कुठून येतंय?

"दाजी, गिअरबॉक्स गेला." न्यू जर्सीहून मेव्हण्याचा फोन. हौसेने घेतलेली 1991 ची माझदा एमएक्स-5. तिकडे तिला मियाटा म्हणतात. दोनच सीट, उघडं छत, 1.6 लिटरचं इंजिन आणि नुसतं मनगट वळवलं की पडणारे गिअर. हल्ली मात्र पहिल्यावरून दुसरा टाकताना खर्रर्र व्हायचं, आणि रिव्हर्स टाकायची तर त्याला भीतीच बसली होती. गॅरेजवाला म्हणाला होता, बॉक्सच बदला.

मी म्हटलं, थांब जरा. बॉक्स न उघडताही आत काय चाललंय ते बरंचसं कळतं. कोणत्या क्षणी काय फिरतंय आणि काय थांबलंय, एवढं डोक्यात पक्कं हवं.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. अशा वेळी इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट फिरत असतो, त्याच्याशी दातात दात घालून बसलेला काउंटर शाफ्टही फिरतो, आणि पुढे जायची सगळी गिअरचाकं मेन शाफ्टवर मोकळीच गरगरत असतात. मेन शाफ्ट मात्र गाडीच्या चाकांना बांधलेला, म्हणून स्थिर. क्लच दाबला की इंजिन बॉक्सपासून सुटतं आणि हा सगळा गोतावळा दोन-चार सेकंदांत थांबतो. म्हणजे न्यूट्रलला घरघर आणि क्लच दाबताच शांतता, तर संशय इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच चिरचिर सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. बॉक्सच्या दातांशी त्याचं काही देणंघेणं नाही (पण ते बदलायला बॉक्स उतरवावाच लागतो, तो त्रास वेगळा).

चालत्या गाडीत चौथा गिअर मोठा कामाचा साक्षीदार. या पाचगिअरी बॉक्समध्ये चौथ्याचं गुणोत्तर (मेन शाफ्टच्या एका फेरीमागे इनपुट शाफ्टच्या किती फेऱ्या) बरोबर 1.000 आहे. त्यात इनपुट आणि मेन शाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात. काउंटर शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर ओझं नसतं. तिसऱ्यात आणि पाचव्यात हुंकार, चौथ्यात एकदम कमी, असं असेल तर काउंटर शाफ्टकडे बोट दाखवायला हरकत नाही.

मेव्हण्याच्या गाडीत घरघर नव्हतीच. होतं ते खर्रर्र. पहिल्याचं गुणोत्तर 3.136, दुसऱ्याचं 1.888. इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला, तर गाडीचा वेग तोच राहतो आणि इनपुट शाफ्टला साधारण 3600 वर यावं लागतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच 2400 फेऱ्या उतरवायच्या. हे काम करते पितळेची एक छोटी सिंक्रो रिंग. ती गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घासते, ब्रेकसारखी त्याला आवरते, आणि वेग जुळेपर्यंत दात अडवून धरते. रिंगच्या आतल्या बारीक खाचा मधलं ऑइल कापून बाजूला सारतात. खाचा झिजल्या की रिंग ऑइलवर घसरते, वेग जुळायच्या आतच दात पुढे सरकतात आणि दातावर दात उड्या मारू लागतात. तोच तो आवाज.

पण क्लच पूर्ण सुटत नसेल तरी आवाज अगदी हाच येतो. रिंग बिचारी शाफ्ट आवरायला बसवलेली, आणि मागून इंजिन ढकलतंय! मग दोष रिंगेचा की क्लचचा, हे ओळखायचं कसं?

मी त्याला सांगितलं: गाडी उभी कर, इंजिन चालू ठेव, क्लच पूर्ण दाब, दहा अंक मोज आणि मग रिव्हर्स टाक. त्या काळच्या बहुतेक बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. तिथे लाज राखणारं कुणी नाही. क्लच नीट सुटत असेल तर एव्हाना शाफ्ट थांबलेला असायला हवा. फोनवरून मला स्वच्छ ऐकू आलं: खर्रर्र. इंजिन बंद करून पाहिलं तर सगळे गिअर लोण्यासारखे. पेडल दोन-तीनदा पंप करून टाकला, तर रिव्हर्सही मुकाट पडला.

म्हणजे दोष हायड्रॉलिकमध्ये, पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेत. क्लच प्लेट सुटते ती जेमतेम मिलिमीटरभर फटीने. थोडं तेल गळलं किंवा हवा शिरली की तेवढीही फट पडत नाही. या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा) बॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर बसलेला असतो आणि त्याचं गळणं हे या मॉडेलचं जुनंच दुखणं. मेव्हण्याने गाडीखाली शिरून त्याचं रबरी टोपण मागे सरकवलं, तर काळं तेल थेट मनगटावर ओघळलं. नवा सिलिंडर, नवं तेल, हवा काढली. शनिवारची दुपार गेली, एवढंच.

आवाजाची आणखी एक फसगत याच गाडीत होते. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलं की बॉक्सचा आवाज आणि उष्णता सरळ केबिनमध्ये येते, आणि माणूस बेअरिंग गेलं म्हणून घाबरतो. फाटलेलं रबर बदललं की काम भागतं.

बॉक्स अगदी धडधाकट निघाला असंही नाही. ऑइल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता. तो झिजेचा, या वयात चालायचाच. लोखंडाचे तुकडे असते तर मी वेगळं बोललो असतो. पण निथळलेल्या ऑइलमध्ये उन्हात सोनेरी चकाकी दिसली. ती पितळेची, म्हणजे रिंगांची. ऑइल निवडताना म्हणूनच जपावं लागतं: जुन्या बॉक्सच्या पितळेला काही ऑइलांतली गंधक-फॉस्फरसची रसायनं मानवत नाहीत, आणि फार निसरड्या ऑइलवर रिंगेची पकडच बसत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच भरावं.

थंडीत ऑइल घट्ट असतं, झिजलेल्या खाचांना ते कापता येत नाही, म्हणून सकाळी दुसरा गिअर अजून कुरकुरतो. त्यावर मी त्याला आपल्या घाटातल्या जुन्या ट्रकवाल्यांचं डबल क्लच शिकवलं: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून क्षणभर थांबायचं, पुन्हा दाबून दुसरा. तेवढ्यात शाफ्टचा वेग इंजिनाबरोबर आपोआप उतरतो आणि रिंगेला फारसं काम उरत नाही. पहिले तीन-चार किलोमीटर तो असंच चालवतो, मग ऑइल तापलं की विसरून जातो.